चौकाला नाव द्या हो, पण आधी मॅडमची कपाटं उघडा

आम्हाला कॉलेजात प्राचीन भारतीय संस्कृती शिकवणाऱ्या मॅडम वारल्यापासून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांमध्ये जो वाद पेटलाय तो दोन्ही बाजूंनी इतका वाईट चाललाय की आता गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय. एक गट म्हणतो ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या चौकाला त्यांचं नाव द्यायचं, अर्जसुद्धा टाईप करून तयार आहे. दुसरा गट म्हणतो फलक लावणं हा पुढाऱ्यांचा धंदा, आपण स्मृतिग्रंथ काढू, मोठमोठ्या लोकांचे लेख मागवू, पहिल्या पानावर मॅडमचा शाल-श्रीफळवाला फोटो. आणि भांडण कशावरून, तर मॅडम 'तेवढ्या मोठ्या' होत्या का यावरून. पेपर किती छापले, किती जणांची पीएचडी करून घेतली, कुठल्या परिषदेचं अध्यक्षपद मिळालं, सगळे हिशोब बाहेर निघालेत. (त्यांचं नाव इथे लिहीत नाहीये, घरच्यांची तशी इच्छा आहे, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.) माझं म्हणणं एवढंच की चौक पण नको आणि ग्रंथ पण नको असं मुळीच नाही, पण त्याच्या आधी त्यांच्या स्लाइडा, फील्डच्या वह्या आणि शिलालेखांचे ठसे स्कॅन करून, जसे आहेत तसे, चुकांसकट, कोणालाही फुकट बघता येतील असे खुले करायला हवेत, आणि ते या पावसाळ्याच्या आत, कारण मॅडमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय.

हे शेवटचं वाक्य दोन्ही गटांना माहितीये आणि दोन्ही गट त्यावर काही बोलत नाहीत. नौपाड्यातल्या जुन्या दोन-तीन मजली बिल्डिंगी एकेक करून पडतायत, तिथे हे नवीन नाही. काका, म्हणजे मॅडमचे यजमान, आता घोडबंदर रोडला भाड्याच्या वन बीएचके मध्ये जाणार, तिथे दोन माणसांचं सामान मावायची मारामार, त्यात गोदरेजची लोखंडी कपाटं आणि माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके कुठे ठेवणार? शिफ्टिंगच्या दिवशी टेम्पोवाला खाली हॉर्न मारत असतो आणि भंगारवाला गेटवर उभा असतो, तेव्हा 'हे काय जुने निगेटिव्ह दिसतायत' असं म्हणून काय काय जातं ते ज्यांनी घर हलवलंय त्यांना सांगायला नको.

आता त्या खोक्यांत आहे काय ते सांगते, कारण वाद घालणाऱ्यातल्या निम्म्या लोकांनी ते बघितलेलंच नाही. मॅडम एआयसी शिकवायच्या, म्हणजे प्राचीन भारतीय संस्कृती, ज्या विषयाला तेव्हा अर्धी मुलं 'सोपा आहे, मार्क मिळतात' म्हणून यायची. शनिवार-रविवार त्यांचा ठरलेला, एसटीने नाहीतर कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून भिवंडी, लोणाड, शहापूर, मुरबाड, इकडे बेलापूर, पनवेल, उरण. प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या फ्रेमवर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात गाव, तारीख, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला, ऊन कुठून येत होतं. वहीत त्याच दगडाचं चित्र, मोजमाप, आणि गावातली म्हातारी त्याला काय म्हणते ते. गद्धेगळ, म्हणजे दानाचा लेख कोरलेला दगड, दिसला की आम्हा पोरापोरींची खुसपूस सुरू व्हायची (खाली गाढवाचं ते शिल्प असतं ना), मॅडम शांतपणे सांगायच्या की आधी वरचे चंद्र-सूर्य काढा, मग मधली अक्षरं, मग हसा. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं आणि जो मोडेल त्याला खालचा शाप, अशी ती सरकारी नोटीसच. लोणाडजवळच्या चौधरपाड्याला कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या केशिदेव राजाचा शके ११६१ चा लेख आहे, तो पुस्तकात वाचून आम्ही पाठ केला असता आणि विसरलो असतो, मॅडमनी आम्हाला दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवायला लावलं.

घारापुरीचं तर सांगितलंच पाहिजे. सगळं जग उत्तरेकडच्या दारातून आत घुसतं आणि समोर ती तीन मुखांची प्रचंड मूर्ती बघून 'त्रिमूर्ती' म्हणून फोटो काढून बाहेर. मॅडम सगळ्यांना आधी पूर्वेच्या अंगणात न्यायच्या आणि तिथून आत यायला लावायच्या, म्हणजे समोर सरळ रेषेत लिंगाचा गाभारा आणि त्याचे द्वारपाल दिसतात, आणि ती मोठी मूर्ती डाव्या हाताला राहते. मग विचारायच्या, आता सांगा हे लेणं कोणासाठी कोरलंय, आणि ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणणाऱ्याला म्हणायच्या की तीनही तोंडं शिवाचीच आहेत, नीट बघ, डोक्यावर काय आहे, हातात काय आहे. देवाचं नाव आधी सांगायच्या नाहीत कधी. नाव कळलं की माणूस बघायचं बंद करतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि परीक्षेला त्याचे मार्क मिळत नाहीत हे पण त्याच सांगायच्या.

तर अशा बाईंनी छापलं कमी, हे खरंय. हा स्मृतिग्रंथवाल्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. संशोधन म्हणजे लिहून, दुसऱ्यांनी तपासून, छापून झालेलं. कपाटात ठेवलेली वही म्हणजे संशोधन नव्हे, आणि ज्या माणसाने जिवंतपणी ते छापलं नाही त्याचं मागाहून आपण बाहेर काढायचं हा त्यांच्यावर अन्याय आहे, अर्धवट वाचन, प्रश्नचिन्हं, खोडाखोड, यावरून कोणीतरी उद्या म्हणेल की बाईंना हे पण येत नव्हतं. पटण्यासारखं आहे. पण मग आपल्याच भागातला एक किस्सा बघा. अंबरनाथच्या देवळात लेख आहे, मुम्मुणी उर्फ माम्वाणी या शिलाहार राजाचा. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला आणि शक ७८२ असा लावला, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख वाचून दाखवलं की आकडा ९८२ आहे, म्हणजे १०६०. तब्बल दोनशे वर्षांचा फरक! आणि हे भगवानलाल कोण, तर ज्यांना भाऊ दाजींनीच जुनागडहून मुंबईला बोलावून घेतलं, पदरी ठेवलं, देशभर लेख उतरवायला पाठवलं तो माणूस. भाऊ दाजींचं वाचन छापलेलं होतं म्हणून ते दुरुस्त झालं. तेच कपाटात राहिलं असतं तर काय झालं असतं? भाऊ दाजींची अब्रू वाचली असती आणि देवळाचं वय सांगताना आपण आणखी किती वर्षं चाचपडलो असतो कोण जाणे. त्या दुरुस्तीने भाऊ दाजी लहान झाले का?

आणि 'अर्धवट बाहेर काढू नये' म्हणता तर भगवानलालांचंच पुढचं ऐका. ते १८८८ साली वाळकेश्वरला वारले तेव्हा त्यांचं किती काम टिपणांच्या रूपात पडून होतं. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरचं लिखाण रॅप्सनने नीट करून १८९० मध्ये छापलं, मथुरेच्या सिंहशीर्षावरच्या लेखांचं काम ब्यूलरने १८९४ मध्ये, आणि गुजरातच्या प्राचीन इतिहासाचं बाड पुरं करून १८९६ च्या बॉम्बे गॅझेटियरमध्ये आणणारा माणूस होता ए. एम. टी. जॅक्सन, हो तोच, नाशिकचा कलेक्टर, ज्याला १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी गोळी घातली. इतिहास कोणाकडून काय करून घेईल सांगता येत नाही. तिघांनीही हे काम भगवानलालांच्याच नावाने छापलं. मुद्दा असा की या तिघांना टिपणं हातात मिळाली म्हणून हे झालं. आज भगवानलालांना अर्धवट राहिलेला संशोधक कोण म्हणतं?

चौकवाल्यांचं पण ऐकू. ते म्हणतात तुमचं स्कॅनिंग चार अभ्यासक बघतील, चौकाचा फलक रोज हजारो लोक बघतात, गोखले रोडवरून स्टेशनला जाणाऱ्या एखाद्या मुलीला वाटेल की अरे, एका प्राध्यापिकेचं नाव चौकाला, पुढाऱ्याचं नाही. हा मुद्दा मला खरंच आवडतो, ठाण्यात चौकांच्या नावांत बायका आणि मास्तर किती ते मोजायला बसलं तर फार वेळ लागणार नाही. पण नाव टिकतं म्हणजे नक्की काय टिकतं? माटुंग्याला भाऊ दाजी रोड आहे, भायखळ्याच्या म्युझियमला १९७५ पासून भाऊ दाजींचं नाव आहे. त्या रोडवर सकाळी इडली खायला येणाऱ्यांपैकी कितीजणांना माहितीये की हा माणूस डॉक्टर होता आणि प्रॅक्टिस सांभाळून शिलालेख वाचायचा? नाव राहिलं, आणि काम ज्यांना कळलं ते एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमधून कळलं, रोडच्या पाटीवरून नाही. पाटी लावा, माझी हरकत नाही, फक्त ती लावली की आपलं कर्तव्य संपलं असं आपल्या सगळ्यांना वाटणार, फोटो निघणार, पेपरात आतल्या पानावर चौकट येणार, आणि तोवर माळ्यावरच्या स्लाइडांना बुरशी लागलेली असणार. ठाण्याच्या हवेत स्लाइड टिकवणं म्हणजे उघड्या डब्यात पापड ठेवून ते कुरकुरीत राहतील अशी आशा करणं. जुन्या एक्टाक्रोम फिल्मच्या स्लाइडा तर आत्ताच लालसर पडल्यात, निळा रंग उडून गेलाय, पुढच्या पाच-दहा वर्षांत काय उरेल?

मग काहीजण, विशेषतः नवीन बॅचेसचे, म्हणतात की आता सगळ्याचे फोटो नेटवर आहेत, ड्रोनचे पण आहेत, चाळीस वर्षांपूर्वीच्या लाल पडलेल्या स्लाइडा कोणाला हव्यात. अरे बाबांनो, चाळीस वर्षांपूर्वीच्या आहेत म्हणूनच हव्यात! १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेतली गेली. अलीकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, गावं उठली. गाव उठतं तेव्हा पाराखालचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड), वेशीवरचा गद्धेगळ, तळ्याकाठची अर्धी मूर्ती हे कुठून उचललं आणि कुठे नेऊन ठेवलं हे कोणी लिहून ठेवलं का? ज्या दगडाला आज ऑइलपेंट मारून, खाली टाइल्स लावून, वर स्टीलची ग्रिल बसवलीय त्याच्यावरची अक्षरं आजच्या ड्रोनला दिसणार नाहीत, मॅडमच्या स्लाइडमध्ये ती तिरप्या उन्हात स्वच्छ दिसतात. (ऑइलपेंट मारणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये, त्यांनी देव म्हणून सांभाळला म्हणून दगड जागेवर तरी राहिला, खडीच्या क्रशरमध्ये गेला नाही.) अंबरनाथचंच घ्या, १८६८ च्या सुमारास जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी तिथे जाऊन आराखडे, फोटो, मूर्तींचे साचे घेतले. त्या विद्यार्थ्यांची नावं आज कोणाला सांगता येतात? पण देवळाचा कुठला कोपरा तेव्हा कसा होता हे बघायचं झालं तर त्यांचंच काम काढावं लागतं.

चोरीचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो काढणारे लोक जबाबदार आहेत. गावागावात उघड्यावर पडलेल्या मूर्तींचे पत्ते, फोटो सगळं खुलं केलं तर तो चोरांसाठी कॅटलॉग होईल. या भीतीत तथ्य आहे. म्हणून जी ठिकाणं संरक्षित नाहीत त्यांचा नेमका पत्ता झाकायचा, तालुक्यापर्यंत सांगायचं, पुढचं अभ्यासकाने विचारून घ्यायचं, हे करता येतं आणि केलंच पाहिजे. पण फोटोच झाकायचे? तामिळनाडूतल्या श्रीपुरंदनचा नटराज चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत पोचला, त्यांनी तो लाखो डॉलर मोजून घेतला होता, कागदपत्रं सगळी 'व्यवस्थित' होती. तो आपलाच हे सिद्ध झालं ते पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने कधीकाळी देवळात काढलेल्या फोटोंमुळे, आणि २०१४ मध्ये तो परत आला, त्याच्याबरोबर वृद्धाचलमचा अर्धनारीश्वर पण आला. चोराला पत्ता शोधायला मॅडमच्या वहीची गरज नाही, तो गावात दोन दिवस फिरून काढतो. पण मूर्ती गेल्यावर ती आपली होती हे सांगायला पोलिसांकडे, कोर्टाकडे काय असतं? गावकऱ्यांची आठवण, बस.

वह्यांमध्ये खाजगी पण आहे हे मला माहितीये. सहकाऱ्यांबद्दल चार तिखट वाक्यं आहेत, एका सेमिनारबद्दल तर पानभर आहे आणि वाचून मी हसून हसून दमले. ती पानं मॅडमच्या मुलीने बघावीत, झाकायची ती झाकावीत, त्यात कोणाचं काही जात नाही. दगडांबद्दलची पानं झाकायचं मात्र काही कारण नाही.

अजून एक म्हणणं आहे, ते वादात फारसं कोणी मांडलं नाही पण मला तेच सगळ्यात जड जातं. की मॅडम म्हणजे त्यांचं शिकवणं. ते स्लाइडमध्ये नाही. प्रोजेक्टरचा ट्रे खटखट करत पुढे सरकायचा आणि अंधारात त्यांचा आवाज यायचा, 'थांब, मागे घे, पाय बघितलेस का त्याचे?' हे स्कॅनरमधून कसं येणार. त्यांचे विद्यार्थी हेच त्यांचं स्मारक, बाकी सगळं सामान. खरंय, नाही येणार. पण विद्यार्थी म्हणजे तरी काय, आम्ही बँकेत आहोत, आयटीत आहोत, एकजण डोंबिवलीला मसाल्याचं दुकान चालवतो, पुरातत्त्वात टिकलेले हाताच्या बोटावर मोजण्याएवढे, आणि आम्ही पण म्हातारे होतोय. आम्ही स्मारक म्हणजे ते आम्ही असेपर्यंतच. शिवाय ज्या बाईंनी आयुष्यभर 'माझं ऐकू नका, दगड बघा' सांगितलं त्यांच्या आठवणीत आपण दगडांचे फोटो कुजू द्यायचे आणि आवाजाची आठवण काढून रडायचं, हे मला तरी विचित्र वाटतं. उलट स्लाइडांना कॅप्शन लावायला त्या जुन्या बॅचेसनाच बसवा ना, कोणत्या टूरला काय म्हणाल्या होत्या ते त्याच वेळी रेकॉर्ड होईल, आणि रिटायर झालेल्यांना दुपारचं काम पण मिळेल.

राहता राहिला मालकीचा प्रश्न, ज्यावर आता कॉलेजनेही तोंड उघडलंय. फिल्मचे रोल काही वर्षं डिपार्टमेंटच्या पैशांतून आले म्हणून स्लाइडा कॉलेजच्या, असं त्यांचं म्हणणं, तर काकांचं म्हणणं की प्रवास, डेव्हलपिंग, फ्रेम सगळं पगारातून गेलं. दोघांचं थोडं थोडं बरोबर असेल, बसून मिटवा. पण मालक ठरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही हे जे ठरवलंय ते डोकं जाग्यावर ठेवून ठरवलेलं नाही. घारापुरीला दारावर एक लेख कोरलेली शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढली आणि राजाकडे पोर्तुगालला पाठवून दिली, तिथे ती कोणाला वाचता आली नाही, आणि मग गेली कुठे ते आजतागायत कळलेलं नाही, हे त्यांच्याच कूटो नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. मालकी एकदम पक्की होती, राजाचीच! फक्त हलवण्याआधी तिचा ठसा किंवा नक्कल कोणी घेतली नाही, आणि म्हणून हे लेणं कलचुरींचं की कोकणच्या मौर्यांचं की आणखी कोणाचं यावर आपले विद्वान अजून भांडतायत, कोणी नाण्यांवरून सांगतं, कोणी मूर्तींच्या घडणीवरून. याउलट १७८७ मध्ये ठाण्याच्याच किल्ल्यात, जिथे आता सेंट्रल जेल आहे, पाया खणताना शिलाहार अरिकेसरीचे शके ९३९ चे ताम्रपट सापडले, आणि त्याचं भाषांतर एशियाटिक रिसर्चेसच्या पहिल्याच खंडात छापून गेलं. किल्ला कंपनीचा, पत्रे कंपनीचे, पण मजकूर छापल्यामुळे सगळ्यांचा झाला.

तेव्हा मूळ स्लाइडा कोणाच्या कपाटात राहणार यावर वर्षभर मीटिंगा घ्या, कॉलेजच्या घ्या नाहीतर काकांच्या नव्या घरी घ्या. नक्कल आत्ता काढा. भाड्याचा स्कॅनर, दोन विद्यार्थी मे महिन्याच्या सुट्टीत, आणि एक प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ पासून ते लोकांची पुस्तकं सांभाळतायत, अजून एक प्रत डेक्कन कॉलेजला पुण्याला, आणि एक सरळ इंटरनेटवर. खर्च येईल तो चौकाच्या उद्घाटनाचा मांडव आणि साउंड सिस्टीम यांच्यापेक्षा जास्त नसेल, आणि अर्जावर सह्या गोळा करायला जे लोक दारोदार फिरतायत त्यांनी त्याच फेरीत शंभर-दोनशे रुपये मागितले तरी जमतील, पहिले माझ्याकडून घ्या.